अकीलाबाईंच्या डब्यातली गोळी

अंजनगाव सुर्जी,
३ ऑगस्ट २००६

प्रिय विमलमावशी,

सलाम आणि नमस्कार दोन्ही. अकोल्याला आपली भिंत एक होती तेव्हा नुसती हाक मारली की काम व्हायचं, आता पाकीट लावावं लागतं. फोन का करत नाहीस म्हणशील. फोन बैठकीत आहे. त्याच्या एका बाजूला अब्बा पेपर वाचत बसतात आणि दुसऱ्या बाजूला अम्मी तांदूळ निवडतात. सासूसासऱ्यांच्या मधोमध बसून विचारावी अशी ही गोष्ट नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली, अजून मूल नाही. पाळी तीन-तीन महिने येत नाही, मागे तर चार झाले. हनुवटीवर केस येतात, ते मी चिमट्याने काढते आणि मोईज पाहिलंच नाही असं दाखवतो. वजन वाढतंच आहे. मला मूल हवं आहे मावशी, हे तुला सांगायला मी लाजत नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं अमरावतीला गेलो. घरी सांगितलं, फवारणी पंपाचे वॉशर आणायला चाललो. मोईजचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि पीसीओएस आहे म्हणाल्या. पुढचं त्यांनी सांगितलं असेल, पण माझे कान तिथेच बंद झाले. गोळ्या आणि एक चिठ्ठी घेऊन घरी आले. पट्टी वाचली तर मेटफॉर्मिन. हे नाव मी रोज बघते, अम्मीच्या पट्टीवर आहे. अम्मीला दहा वर्षांपासून शुगर आहे. मला शुगर नाही, बाईंनीच रिपोर्ट बघून सांगितलं. मग मला ही गोळी काहून?

अजून एकही घेतली नाही. तू सांगशील तसं करते. घरात कळलं तर सगळे म्हणतील, चोविसाव्या वर्षी सुनेला शुगर झाली. म्हणून उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
निखत

*

अकोला,
१० ऑगस्ट २००६

चि. निखतला,
अनेक आशीर्वाद.

तुझी अमरावतीची बाई हुशार आहे, आणि तू तिच्यासमोर बसून कान बंद करून घेतलेस. चौथीच्या पोरांना याच गोष्टीसाठी उभं करत असशील.

आता नीट वाच. मी तीस वर्षं औषधाच्या काउंटरवर उभी आहे. तुझे काका गेल्यापासून दुकान एकटी चालवते. तुझ्या अंगात इन्सुलिन कमी नाही, भरपूर आहे. पण शरीर त्याचं ऐकत नाही. ऐकत नाही म्हणून शरीर आणखी बनवतं, आणि ते जास्तीचं झालेलं अंडाशयाचं काम बिघडवतं. त्यातून पाळी अडते, हनुवटीला केस येतात, वजन चढतं. ही गोळी शरीराला ऐकायला लावते. तुझ्या अम्मीच्या शुगरला आणि तुझ्या पाळीला औषध तेच, यात घोटाळा काही नाही.

चिठ्ठीत लिहिलंय तसंच घ्यायचं. पाचशेची एक गोळी, रात्री जेवल्यावर, पंधरा दिवस. मग न्याहारीनंतर एक आणि रात्री एक. त्यापुढे एकसुद्धा वाढवायची ती बाईंनी सांगितल्यावर, तुझ्या किंवा माझ्या मनाने नाही. रिकाम्या पोटी घेऊ नको, चावू नको. एखादी विसरलीस तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन हिशेब चुकता करायचा नसतो. पहिले काही दिवस पोट गडबड करेल, करू दे. पण उलट्या-जुलाब थांबेचनात, ताप आला, पाणी पोटात ठरेना, तर गोळी बंद आणि डॉक्टर. किडनीची तपासणी झाली आहे का ते रिपोर्टात बघ, नसेल तर करून घे. आणि यापुढे पाळी लांबली तर नेहमीचंच आहे म्हणून बसू नको. या गोळीने दिवस राहू शकतात. आधी तपासणी करायची.

गोळीबरोबर चालणंही आहे. शाळेत चालत जात जा, मोईजच्या गाडीवर मिरवू नको.

विमलमावशी

*

अंजनगाव सुर्जी,
१० सप्टेंबर २००६

प्रिय मावशी,

पाळी आली. पत्राची सुरुवात याच बातमीने करायची असं ठरवलं होतं. चार महिन्यांनी, गोळ्या न घेता नुसती वाट बघून नाही, तर गोळ्या घेऊन. मी शाळेच्या मोरीत उभी राहून रडले आणि बाहेर येऊन पोरांना सुट्टीआधीच पेढे वाटले. हेडमास्तर शेषराव सरांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, मोईजच्या दुकानाला आठ वर्षं झाली.

पहिल्या आठवड्याचं मात्र विचारू नको. आमचा पायखाना अंगणाच्या त्या टोकाला, आणि मी दिवसातून सहा वेळा अंगण ओलांडत होते. अम्मी ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त रोज माझ्यासाठी ताक ठेवायला लागल्या. यात माझीही चूक होती. सहाव्या दिवशीच मी दोन गोळ्या घेतल्या, लवकर गुण यावा म्हणून. रागावू नको, पोटानेच शिक्षा दिली. परत एकीवर आले, पंधरा दिवस पूर्ण केले आणि मगच दोन केल्या.

आता दोन अडचणी. पंचवीस तारखेच्या सुमारास रमजान लागेल. रोजे ठेवू का? आणि गोळ्या महिन्याभराने संपतील. रमजानमध्ये अमरावतीला जायचं निमित्त सापडत नाही. यंदा पंपच कमी येताहेत तर वॉशर कशाला लागतील. कापसाला भाव नाही, अळी काही मरत नाही. लोक मोईजला विचारतात, एकाच पंपात दोन औषधं मिसळली तर जोर वाढेल का. तो नको म्हणतो, ते मिसळतातच. इथला मेडिकलवाला मोईजचा दोस्त आहे, त्याच्याकडून मला घेता येत नाही. दुसरीकडून मिळवली तर कंपनी वेगळी असेल. चालेल का?

पट्टी कुठे ठेवते ते विचारू नको. जिथे कोणी शोधणार नाही अशा जागी आहे. मला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटतं.

निखत

*

अकोला,
१८ सप्टेंबर २००६

चि. निखत,

घाईत लिहिते. अकोल्यात चिकनगुनियाने घरं झोपवली आहेत, दुकानासमोर सांधे धरून रांग उभी आहे. हे पत्रही तीन गिऱ्हाइकांच्या मधे लिहीत आहे.

पाळीची बातमी वाचून बरं वाटलं. दोन गोळ्यांच्या उतावीळपणाबद्दल भेटलीस की बघते.

रोज्याचं बाईंना फोन करून विचार, एसटीडी बूथवरून कर. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा खाली जात नाही. त्या बहुतेक पहाटे सहेरीच्या जेवणानंतर एक आणि इफ्तारनंतर जेवलीस की एक, असं सांगतील. पण त्यांच्या तोंडून ऐक.

कंपनीचं मनावर घेऊ नको. पट्टीवर मेटफॉर्मिन लिहिलेलं असलं की झालं.

मावशी

*

अंजनगाव सुर्जी,
९ ऑक्टोबर २००६

प्रिय मावशी,

बाईंना फोन केला. तू म्हणालीस तेच त्यांनी सांगितलं. रोजे छान चालले आहेत, वजन दोन किलो उतरलं.

चार तारखेला माझ्या गोळ्या संपल्या. पण मी अडून बसले नाही. तुला आता सांगते, माझी पट्टी मी अम्मीच्या औषधाच्या डब्यात ठेवत होते. पट्ट्यांमध्ये पट्टी, कोणाला काय कळणार. आता माझी संपल्यावर त्यांचीच घेते, सहेरीनंतर एक आणि रात्री एक. त्यावर मेटफॉर्मिन लिहिलेलं आहे, तू म्हणालीस तसं मी आधी नीट वाचून घेतलं. शिवाय त्यात आणखी एक औषध आहे, त्याचं नाव ग्लिमेपिराइड. म्हणजे एका गोळीत दोन. त्याने जोर जास्तच यावा, नाही का? अब्बा दर पंधरवड्याला अम्मीच्या गोळ्या आणतात, थोड्या कमी झाल्या तर लक्षात येत नाही.

एवढंच की दुपारनंतर हात थरथरतात. घाम फुटतो. परवा वर्गात एका पोराची वही तपासत होते तर अक्षरं वहीवर हलायला लागली आणि त्या पोराचं नावच आठवेना. रोज्याचा थकवा असणार. अम्मी सहेरीला खजूर जास्त खा म्हणतात. शुगरमुळे त्या रोजे ठेवत नाहीत, पण त्यांचंही हल्ली काहीतरी बिनसलं आहे, सारखं पाणी पितात आणि गप्प असतात.

ईदला शीरखुर्मा पाठवता येत नाही याचं वाईट वाटतं.

निखत

*

अकोला,
१२ ऑक्टोबर २००६, दुपारी

निखत,

तुझं पत्र आज बारा वाजता मिळालं. उभ्या उभ्या वाचलं आणि फोन उचलला. तुझ्या लग्नपत्रिकेवर घरचा नंबर होता. फोन तुझ्या सासूबाईंनी घेतला. मी सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, डबा, सगळं. तुझं गुपित मी फोडलं आणि परत अशी वेळ आली तर परत फोडीन.

ग्लिमेपिराइड मेटफॉर्मिनसारखं नाही. ते शरीराकडून आणखी इन्सुलिन सोडवून घेतं. ज्याला शुगर आहे त्याची साखर ते खाली आणतं. तुझी साखर मुळातच बरोबर आहे, त्यात दिवसभर पोटात अन्न नाही, पाणी नाही. मग ती कुठपर्यंत खाली जाईल? थरथर, घाम, हलणारी अक्षरं, विसरलेलं नाव, हा थकवा नव्हता. आठ दिवस तू वर्गात उभी राहून बेशुद्धीच्या दारात जाऊन परत येत होतीस.

आणि हे माझ्यामुळे झालं. "पट्टीवर मेटफॉर्मिन लिहिलेलं असलं की झालं" हे मी लिहिलं. पट्टीवर फक्त मेटफॉर्मिन असावं, त्याच्या आगेमागे दुसरं एकही औषध नको आणि ताकद पाचशेच असावी, असं लिहायला हवं होतं. समोर गिऱ्हाईक असतं तर मी त्याच्या हातातली पट्टी उलटून बघितली असती. तुला मात्र घाईत उडवून लावलं. पहिल्या पत्रात तू सांगितलं होतंस की सासूच्या पट्टीवरही हेच नाव आहे, तेव्हाच मी विचारायला पाहिजे होतं की पट्टीवर आणखी काय काय लिहिलंय. तीस वर्षांचा तोरा मिरवत होते मी. मला माफ कर असं म्हणायचीही घाई करत नाही, आधी तू बरी आहेस हे कळू दे.

तुझ्या अम्मींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बाई, पोरगी शायेत हाय. मी जाऊन राहिली." आणि फोन ठेवला. त्यानंतर दोनदा लावला, कोणी उचलत नाही. दुकान उघडं आहे, मी आहे, आणि मला काही सुचत नाही. म्हणून हे लिहीत बसले आहे.

मावशी

*

अंजनगाव सुर्जी,
१८ ऑक्टोबर २००६

प्रिय मावशी,

मी बरी आहे. आधी हे वाच, मग बस आणि पुढचं वाच. मोईजने त्याच रात्री तुला फोन केला होता, पण तो म्हणतो तू फक्त "बरं, बरं" म्हणत होतीस आणि ठेवून दिलास. म्हणून सगळं लिहिते.

बारा तारखेला दुपारी वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता मी खाली बसले. बसले एवढं आठवतं. पोरांनी शेषराव सरांना बोलावलं. ते म्हणतात, मी त्यांना ओळखलं नाही आणि मला घरी जायचं नाही म्हणून भांडत होते. तेवढ्यात अम्मी आल्या. बुरख्याची बटणं न लावता, चपला दोन वेगवेगळ्या, हातात साखरपाण्याचा तांब्या. शेषराव सर म्हणाले, अहो, रोजा असेल त्यांचा. अम्मी म्हणाल्या, "रोज्याचं मी अल्लाशी बोलीन. तुमी मान धरा इची." आणि घोट घोट करून सगळा तांब्या माझ्या पोटात घातला.

रिक्षाने गावातल्या दवाखान्यात नेलं. तोवर मला थोडं समजायला लागलं होतं. डॉक्टरांनी माझा घाम बघितला, थरथर बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "फवारणीचं औषध घेतलं का?" यंदा त्यांच्याकडे तरण्या पोरी, बायका याच कारणाने येतात, त्यांचा काय दोष. मोईज दुकानातून धावत आला होता, त्यानेही हे ऐकलं. त्याचं दुकानच पंपांचं. त्याला वाटलं, खरंच. अम्मींनी ब्लाउजमधून पट्टी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "हे खाल्लं. माह्यं औषध. आठ दिवस दोन-दोन. इले शुगर नाही, पाळीची बिमारी हाय." मावशी, तू फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी पाठ असल्यासारखं सांगितलं. साखर अठ्ठेचाळीस निघाली, ती तांब्याभर पाण्यानंतर. सलाईन लावलं. ती गोळी बराच वेळ अंगात राहते म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं आणि दर दोन तासांनी बोट टोचलं.

तिथेच डॉक्टरांनी अम्मींचीही साखर बघितली. तीनशे वीस. डब्यातल्या गोळ्या कमी होताना अम्मींना रोज दिसत होत्या. त्यांना वाटलं, आपण घेतो आणि विसरून परत घेतो. म्हणून त्यांनी एक दिवस सोडून एक दिवस घेणं सुरू केलं. मला म्हणाल्या, "मले वाटलं, मी बुढी झाली. घरात कोनाले सांगितलं नाही, लाज वाटे." माझ्या हुशारीने मी दोघींना आडवं पाडलं होतं. मी तिथे खाटेवर फार रडले.

तुझ्या माफीचं आता बोलू. तू अर्धं लिहिलंस हे खरं. पण पट्टी कुठे ठेवते ते मी लपवलं, अमरावतीच्या बाईंना गोळ्या संपल्याचं सांगितलं नाही, आणि एका गोळीत दोन औषधं दिसल्यावर विचारायचं सोडून खूष झाले. पंपात दोन औषधं मिसळणाऱ्यांना मी हसायचे. तेव्हा तू स्वतःला एकटीला दोषी समजू नको, निम्मं माझं आहे. तू गुपित फोडलंस याचा मला दोन दिवस राग होता. तो गेला.

बाईंनी पंधरा दिवस सगळं थांबवायला सांगितलं आहे, मग तपासून परत एकीपासून सुरुवात. यंदाचे उरलेले रोजे नंतर पुरे करीन. आणि मेटफॉर्मिन आता मोईज त्याच्या दोस्ताकडून घेतो, नावानिशी.

तुझी,
निखत

*

अंजनगाव सुर्जी,
५ नोव्हेंबर २००६

विमलबाईले अकीलाचा सलाम.

मले लिवता येत नाही, निखत लिवून राहिली. मी बोलीन तसंच लिव म्हटलं तिले, आपल्या मनानं गोड करू नको.

बाई, तुमी फोन केला, लई चांगलं केलं. आता आमच्या घरी दोन डबे हायेत. माह्या झाकणाले लाल दोरा, तिच्या झाकणाले काही नाही. रात्री जेवल्यावर मी तिले इचारतो, घेतली का, ते मले इचारते. तिची पुन्हा सुरू झाली, एक. पोट बरं हाय. माही शुगर एकशे साठवर आली.

मले एक गोष्ट इचाराची व्हती म्हनून हे पत्र. माहं लगन झालं तवा मी सतरा वर्साची व्हती. मोईज झाला तवा सव्वीस. मधात नऊ वर्स काही नाही. माही पाळी बी अशीच येई, तीन महिन्यानं, चार महिन्यानं. हनुवटीले केस बी व्हते, मी धाग्यानं काढो.

(मावशी, इथे माझा हात थांबला. मला हे माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, लिव.)

माह्या सासूनं मले कोनाच्या सातव्या महिन्याच्या कार्यक्रमाले पुढं येऊ देलं नाही. सगळ्या बाया अंगनात, मी मांगच्या खोलीत भांडे घासत. म्हनत, इची सावली नको. मोईजच्या अब्बानं कधी मले मारलं नाही, पन तोंड उघडून आपल्या मायले गप बी केलं नाही. मले वाटे, माह्यातच काही पाप असन. म्हनून मी निखतले तीन वर्सात लेकराबद्दल एक शब्द बोलली नाही. तिले ताक देल्लं, बस. मले समजत व्हतं काहीतरी हाय, पन इचाराची हिंमत नाही झाली. मी इचारलं असतं तर तिनं लपवलं नसतं.

आता सांगा. तुमी शिकलेल्या हा. ते जे निखतले हाय, ते मले बी व्हतं काय?

अकीला

*

अकोला,
११ नोव्हेंबर २००६

अकीलाबाईंना विमलचा नमस्कार.

या वेळी घाई केली नाही. दुकान बंद केलं आणि मग लिहायला बसले. अमरावतीच्या डॉक्टरीण बाईंशीही फोनवर बोलले, म्हणजे अर्धवट काही लिहिलं जाणार नाही.

इतक्या वर्षांनी पक्कं सांगता येत नाही. तेव्हाची तपासणी नाही, रिपोर्ट नाही. पण तुम्ही जे जे सांगितलंत, पाळी, केस, नऊ वर्षं आणि पुढे झालेली शुगर, ते सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. ज्यांना हा आजार असतो त्यांना पुढे शुगर होण्याची भीती जास्त असते. बाई म्हणाल्या, बहुतेक होतं. मीही तेच म्हणते. अकीलाबाई, तुम्हाला हा आजार बहुतेक होता.

तुमच्यात पाप काहीही नव्हतं. शरीर इन्सुलिनचं ऐकत नव्हतं, एवढंच. तेव्हा त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नव्हतं, आणि यासाठी ही गोळी कोणी देत नव्हतं. नऊ वर्षांनी मोईज झाला तो तुमच्या शरीरानं एकट्यानं, औषधाशिवाय. तुम्हाला मागच्या खोलीत बसवणारी प्रत्येक बाई चुकली होती. तुमच्या सावलीनं कोणाचंही काही बिघडलं नाही.

निखत, तू हे वाचून दाखवत असशील, तर आता तुझ्यासाठी. गोळी एक, रात्री जेवल्यावर, वाढवायची ती बाईंच्या शब्दावर. तीन महिन्यांनी रक्त तपासून ये. अम्मींनाही सोबत घेऊन जा, दोघींचे रिपोर्ट एकाच पिशवीत घाला. वॉशरची थाप आता पुरे झाली.

आणि अकीलाबाई, एक काम तुम्हाला सांगते. हे पत्र कपाटात ठेवू नका. फोनजवळ बैठकीत मोईजचे अब्बा कुर्बानभाई पेपर वाचत बसतात ना, त्यांच्यासमोर बसा आणि निखतला हे सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, पहिल्या ओळीपासून. लाजायचं तुम्ही नाही. तुमच्या घरात नऊ वर्षं जे बोललं गेलं आणि जे त्यांनी ऐकून घेतलं, त्याचं उत्तर त्यांना तुमच्यासमोर मिळू दे.

तुमची,
विमल